ज्युबिली : आधी सुटका, मग जल्लोष

मराठीत ‘ज्युबिली’ हा शब्द रुळला तो दोन वाटांनी. पहिली वाट राणीच्या राज्याची. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे झाली म्हणून १८८७ साली हिंदुस्थानभर रोषणाई झाली, मानपत्रे वाचली गेली आणि मुंबईत तंत्रशिक्षणासाठी निघालेल्या संस्थेला ‘व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ असे नाव मिळाले. दुसरी वाट सिनेमाची. चित्रपट सलग पंचवीस आठवडे चालला की त्याची ‘सिल्व्हर ज्युबिली’ झाली, असे म्हणायची पद्धत पडली. दोन्हीकडे शब्दाचा अर्थ एकच होता, ठरलेला आकडा गाठल्याचा आनंद. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, हीरकमहोत्सव हे आपले प्रतिशब्दही तोच अर्थ धरून घडले. इंग्रजीत याच घराण्यातला ‘ज्युबिलेशन’ हा शब्द जल्लोषाला वापरतात, तिथे तर आकडाही उरत नाही, उरतो तो निव्वळ उधाणलेला हर्ष. हा हर्ष मुळात कशाचा होता, हे शोधत मागे गेले की निराळेच चित्र दिसते. या शब्दाला आनंदाचा अर्थ मिळाला तो गहाण पडलेली जमीन परत मिळण्यातून आणि कर्जापायी गुलाम झालेली माणसे घरी परतण्यातून. सत्तेने हा शब्द जेव्हा जेव्हा उचलला, तेव्हा सुटका मागे पडली आणि सोहळा पुढे आला. ज्यांच्या मानेवर जू होते त्यांनी मात्र जुना अर्थ सोडला नाही. या शब्दाचा इतिहास म्हणजे या दोन अर्थांमधली ओढाताण आहे.

सुरुवात हिब्रू धर्मग्रंथातल्या एका कायद्यापासून करावी लागते. बायबलच्या जुन्या करारातल्या ‘लेवीय’ या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय म्हणजे जमिनीचा कायदा आहे. सात वर्षांची सात आवर्तने मोजायची, आणि त्यापुढच्या पन्नासाव्या वर्षी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, देशभर शिंग फुंकायचे. त्या नादासरशी तीन गोष्टी घडायच्या. शेताला विश्रांती मिळायची. हलाखीत विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची. कर्जापोटी स्वतःला विकून घेतलेला इस्राएली माणूस मुलाबाळांसह मोकळा होऊन आपल्या घराण्यात परतायचा. यामागचा विचार असा, की जमीन देवाची आहे, माणसे तिच्यावर केवळ आश्रयाला राहतात, म्हणून ती कायमची विकताच येत नाही. त्यामुळे खरेदीखतातली किंमतही जमिनीची धरायची नाही, पुढच्या शिंगापर्यंत उरलेल्या पिकांची धरायची. वर्षे जास्त उरली असतील तर भाव जास्त, कमी उरली असतील तर कमी. आजच्या भाषेत ही विक्री नव्हे, मुदतीचा भाडेपट्टा होता. तटबंदीच्या शहरातल्या घरांना मात्र ही सवलत नव्हती. विकणाऱ्याने ते घर वर्षभरात सोडवून घेतले नाही तर ते गेले ते गेलेच. या अपवादावरूनच कळते की कायद्याचे लक्ष शेतकऱ्याच्या पोटावर होते. रोटी देणारी जमीन हातची जाऊ नये, एवढ्यासाठी ही सारी मांडणी होती. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजालाही हा प्रायश्चित्ताचा दिवस पिढ्यान् पिढ्या ठाऊक होता. कोकणात तेल गाळणारी ही माणसे त्याला ‘दारफळणीचा सण’ म्हणत, म्हणजे दार लावून घेऊन उपास करण्याचा सण. पन्नासाव्या वर्षीचे शिंग वाजायचे ते याच दिवशी.

या वर्षाचे हिब्रू नाव ‘योबेल’. मराठी बायबलातही ते जवळपास तसेच आले आहे. ‘योबेल’चा अर्थ मेंढा, आणि त्यावरून मेंढ्याचे शिंग. यरीहो नगराची तटबंदी कोसळली त्या कथेत याजकांच्या हाती जी शिंगे आहेत, त्यांच्या वर्णनात हाच शब्द येतो. दुसऱ्या शतकातले विद्वान रब्बी अकिवा यांचे मत तालमूदमध्ये नोंदले आहे, की अरबस्तानात मेंढ्याला असाच शब्द वापरतात. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात सापडलेल्या प्युनिक भाषेतल्या एका शिलालेखात यज्ञातल्या पशूंच्या दक्षिणेचे दर कोरलेले आहेत, त्यातही मेंढ्यासाठी हीच व्यंजने आहेत. म्हणजे शब्दाच्या मुळाशी एक जनावर, त्याचे शिंग आणि त्या शिंगाचा नाद एवढेच आहे. पण हा नाद कशासाठी आहे, याविषयी जुन्या अनुवादकांच्या मनात संशय नव्हता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या ज्यू विद्वानांनी हा ग्रंथ ग्रीकमध्ये आणला तेव्हा ‘योबेल’साठी त्यांनी मेंढ्याचा किंवा उत्सवाचा शब्द शोधला नाही. त्यांनी ‘आफेसिस’ हा शब्द वापरला, आणि त्याचा अर्थ सुटका, सूट, माफी. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस तर सरळ सांगतो की या नावाचा अर्थच स्वातंत्र्य असा आहे. ही काही अक्षरशः व्युत्पत्ती नव्हे. पण लोक तो शब्द ऐकून काय समजत होते, याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

ही कल्पना एका छोट्या डोंगराळ देशातल्या याजकांच्या डोक्यातून अचानक निघालेली नाही. मेसोपोटेमियाच्या राजांनी तिची प्रथा हजार-दीड हजार वर्षे आधीच पाडली होती. इसवी सनापूर्वी सुमारे २४०० मध्ये लगाशच्या राजाने कर्जमुक्ती दिल्याचे लेख आहेत. तिथला सुमेरी शब्द ‘अमार्गी’. त्याचा शब्दशः अर्थ आईकडे परत जाणे, कारण कर्जापायी राबायला गेलेली मुले त्या दिवशी घरी येत. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कारकिर्दीतले दुसरे वर्ष त्याने देशात न्याय स्थापन केल्याचे वर्ष म्हणून ओळखले जाते, आणि न्याय म्हणजे इथे कर्जे रद्द करण्याचा हुकूम. त्याच्याच घराण्यातल्या अम्मीसदुका राजाचा असा हुकूम मातीच्या पाट्यांवर बऱ्याच अंशी टिकून आहे. त्यात शेतकऱ्याचे धान्याचे नि चांदीचे कर्ज रद्द होते, थकलेला सारा माफ होतो, कर्जापोटी गहाण पडलेली माणसे सुटतात. व्यापाऱ्यांनी आपसांत भागीदारीसाठी दिलेला पैसा मात्र माफीतून वगळलेला आहे. सिप्पर नगरातल्या एका पत्रात राजाने या हुकमाची खूण म्हणून सोन्याची मशाल उंच धरल्याचा उल्लेख आहे. तिथे मशाल, इस्राएलमध्ये शिंग. अक्कडी भाषेतला मुक्तीचा शब्द ‘अंदुरारुम’ आणि लेवीयमध्ये मुक्तीसाठी आलेला हिब्रू शब्द ‘देरोर’ हे एकाच धातूतले मानले जातात. फरक एकच, पण फार मोठा. बॅबिलोनमध्ये माफी राजाच्या मर्जीवर होती. तो गादीवर बसताना, संकट आले की, लष्कराला माणसे कमी पडू लागली की ती देई. हिब्रू कायद्याने ती राजाच्या हातातून काढून दिनदर्शिकेत घातली. सुटका ही मेहेरबानी राहिली नाही, तिला तारीख मिळाली. गरिबाला ती मोजता येऊ लागली. पन्नास हा आकडा मुळात त्यासाठी होता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हा कायदा कधी अमलात आला होता का? पन्नासाव्या वर्षी सगळ्या देशात जमिनी परत झाल्या, अशी एकही नोंद इतिहासात नाही. मग जो सण झालाच नाही त्याच्या आनंदाची गोष्ट कशाला करायची? याला उत्तर त्याच ग्रंथांत आहे. बॅबिलोनच्या फौजांनी यरुशलेमला वेढा घातला तेव्हा सिद्कीया राजाने गुलामांना मुक्ती जाहीर केली, मालकांनी त्यांना सोडले आणि धोका टळला असे वाटताच पुन्हा धरून आणले. यिर्मया संदेष्ट्याने याबद्दल जो संताप व्यक्त केला तो ‘देरोर’ हाच शब्द घेऊन. पुढे सुमारे दीडशे वर्षांनी, इराणी अमलात, शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकून धान्य घेणाऱ्या लोकांनी सुभेदार नहेम्याकडे आक्रोश केला, तेव्हा त्याने सावकारांना सभेत उभे करून जमिनी परत करायला लावल्या. दर सातव्या वर्षीच्या कर्जमाफीचा वेगळा नियम तर इतका जिवंत होता, की ते वर्ष जवळ आले की सावकार कर्ज देईनात. म्हणून हिल्लेल या गुरूला कर्ज न्यायालयाच्या नावे करून माफीतून सोडवण्याची पळवाट काढावी लागली. ज्या कायद्यातून पळवाट काढावी लागते तो कायदा कागदावरचा नसतो. योबेल पूर्णपणे पाळला गेला असेल किंवा नसेल, लोक त्याच्या नावाने हक्क मागत होते हे निश्चित. अर्थात कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. सुटका होती ती इस्राएली माणसाची. परदेशी गुलाम वंशपरंपरा ठेवायला त्याच अध्यायात मुभा आहे. या विसंगतीचे पडसाद दोन हजारांहून अधिक वर्षांनंतर दुसऱ्याच खंडात उमटणार होते.

शिंग जल्लोषात कसे बदलले? हे घडले लॅटिनमध्ये. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम हिब्रूतून लॅटिनमध्ये बायबल आणत होते, तेव्हा त्यांनी ‘योबेल’चे ‘युबिलेउस’ केले. लॅटिनमध्ये आधीपासून ‘युबिलारे’ असे एक क्रियापद होते. त्याचा हिब्रूशी काही संबंध नव्हता. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वारो या व्याकरणकाराने नोंदवून ठेवले आहे की शहरी माणूस मदतीसाठी ओरडतो त्याला एक शब्द आहे आणि रानातला माणूस आरोळी देतो त्याला ‘युबिलारे’ हा शब्द आहे. संत ऑगस्टीन यांनी या शब्दाचे फार सुंदर विवरण केले. पीक कापणारे, द्राक्षे खुडणारे लोक गाऊ लागतात. हर्ष वाढत जातो तसे शब्द अपुरे पडतात, मग ते शब्द टाकून नुसत्या स्वरांवर येतात. तो शब्दावाचूनचा उद्गार म्हणजे ‘युबिलुस’. आपल्याकडे पीक काढताना भलरी म्हणतात, तिच्या शेवटी जशी लांबलेली हाक उरते, तसाच हा प्रकार समजावा. चर्चमधल्या गायनात ‘आलेलुया’च्या अखेरच्या अक्षरावर जी दीर्घ सुरावट घेतली जाई तिलाही हेच नाव मिळाले. जेरोमच्या एका लिपीबदलाने मेंढ्याचे शिंग आणि शेतकऱ्याची आरोळी एका शब्दात येऊन बसली.

भाषाशास्त्राचा काटेकोर अभ्यासक म्हणेल की हा तर घोटाळा झाला. दोन परक्या शब्दांचा नाद जुळला आणि लोकांनी त्यांचे नाते जोडले, यातून अर्थ काढणे चुकीचे. घोटाळा होता हे मान्य केले पाहिजे. पण तो अगदीच निराधार नव्हता. लेवीयमध्ये त्या दिवशी फुंकायच्या शिंगाला ज्या शब्दाने ओळखले आहे तो ‘तेरुआ’. हिब्रूत तेरुआ म्हणजे शिंगाचा मोठा नाद, आणि तेरुआ म्हणजे जमावाने केलेला गजरही. स्तोत्रांमध्ये देवापुढे हर्षाने गर्जना करा, असे सांगताना त्याच धातूची क्रियापदे येतात, आणि लॅटिन अनुवादात तिथे नेमके ‘युबिलारे’ आहे. म्हणजे नाद आणि गजर यांची जोडी हिब्रूतच होती. लॅटिनने तिला एकच नाव दिले. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वारो आणि ऑगस्टीन दोघांच्याही लेखी ‘युबिलारे’ करणारा माणूस शेतातला आहे. ज्याची जमीन परत करण्यासाठी शिंग वाजायचे, आरोळीही त्याचीच. योगायोगाने जुळलेल्या या दोन शब्दांनी मिळून एक पूर्ण प्रसंग सांगितला. शिंग वाजते, माणूस सुटतो, आणि सुटलेला माणूस ओरडतो. हर्ष या क्रमातला शेवटचा टप्पा आहे. पहिले दोन टप्पे गाळून तिसरा मिळत नाही.

पुढच्या काळात नेमके ते दोन टप्पे गाळण्याचेच प्रयत्न झाले. त्यातला पहिला मोठा बदल रोमचा. १३०० साली, नव्या शतकाच्या आरंभी, यात्रेकरूंची रीघ लागलेली पाहून आठवे बोनिफेस पोप यांनी २२ फेब्रुवारीला फर्मान काढले. पश्चात्ताप करून पापकबुली देणाऱ्याने पीटर आणि पॉल यांच्या बॅसिलिकांना, रोमकराने तीस दिवस आणि बाहेरच्याने पंधरा दिवस, भेट दिली की त्याला पापाच्या शिक्षेतून संपूर्ण माफी. गर्दी इतकी झाली की टायबर नदीवरच्या पुलावर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दोन वेगळ्या रांगा कराव्या लागल्या. दांतेने ‘इन्फर्नो’त त्या पुलाची आठवण ठेवली आहे. बोनिफेस यांनी शंभर वर्षांचे अंतर ठरवले होते. सहाव्या क्लेमेंट यांनी १३४३ साली ते पन्नासावर आणले आणि दुसऱ्या पॉल यांनी १४७० मध्ये पंचवीसवर. २०२५ चे पवित्र वर्ष याच गणिताने आले. हे सारे सुटकेच्याच भाषेत होते, याची दखल घेतली पाहिजे. अरामी भाषेत ऋण आणि पाप यांना एकच शब्द आहे, त्यामुळे ऋणाच्या माफीतून पापाच्या माफीकडे जाणारी वाट ख्रिस्ती धर्मात फार जुनी. लक्षावधी भाविकांना या माफीने खरा दिलासा दिला, त्याला खोटे म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. पण जमीन मात्र या व्यवहारातून बाहेर पडली. यात्रेकरू घरी परतला तेव्हा त्याच्या सावकाराची वही होती तशीच होती. विसाव्याचा एक धागा तरीही टिकला. स्पॅनिशमध्ये निवृत्तीला आजही ‘हुबिलासियोन’ म्हणतात, म्हणजे कामाच्या जुवातून मोकळे होणे.

दुसरा बदल राजांनी केला. १८०९ साली इंग्लंडचा तिसरा जॉर्ज याच्या कारकिर्दीचे पन्नासावे वर्ष सुरू झाले, तेव्हा २५ ऑक्टोबरला मोठा सोहळा झाला आणि त्याला ज्युबिली म्हटले गेले. पन्नासाचा आकडा आता गरिबाच्या सुटकेकडून राजाच्या कारकिर्दीकडे गेला. पण त्याच इंग्लंडमध्ये, त्याच काळात, न्यूकॅसलचा टॉमस स्पेन्स हा गरीब शिक्षक १७७५ पासून सांगत होता की जमीन गावाच्या सामाईक मालकीची असावी. १७८२ साली त्याने या विचाराचे जे गीत लिहिले त्याच्या नावातही ज्युबिलीच होती. एकाच देशात, एकाच पिढीत, राजाची ज्युबिली आणि भूमिहीनाची ज्युबिली अशा दोन ज्युबिल्या होत्या. अटलांटिकपलीकडे हा संघर्ष आणखी उघड होता. पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेने १७५१ साली जी घंटा मागवली तिच्यावर लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायातली मुक्ती पुकारण्याची आज्ञा कोरलेली आहे. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी तिला ‘लिबर्टी बेल’ हे नाव दिले. गुलामांचे मालक त्याच अध्यायातल्या परदेशी गुलाम ठेवायच्या मुभेवर बोट ठेवत. गुलामांनी मात्र आपल्यासाठी शिंग वाजणार हेच धरून ठेवले. त्यांच्या बोलीत ज्युबिली म्हणजे मुक्तीचा दिवस. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातले, बहुतेक गुलामीत जन्मलेले, तरुण गायक १८७१ साली आपल्या शाळेसाठी पैसे जमवायला निघाले, तेव्हा त्यांच्या शिक्षकाने त्यांना ‘ज्युबिली सिंगर्स’ हे नाव दिले. १८७३ मध्ये ते इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढे गायले. सुटून आलेल्या माणसांच्या गळ्यात ज्युबिली होती आणि समोर ती राणी बसली होती, जिच्या नावाची ज्युबिली चौदा वर्षांनी अर्ध्या जगावर लादली जाणार होती.

महाराष्ट्रात ती ज्युबिली आली तेव्हा इथल्या शेतकऱ्याची स्थिती काय होती? १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला, आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. या दंगलींचे वैशिष्ट्य असे की माणसांवर हात फार थोड्या ठिकाणी उगारला गेला. लोकांना हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते मिळाले की ढीग करून जाळले, जळाले की पांगले. सुप्याच्या शेतकऱ्यांना लेवीय ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण रोखा जळल्याशिवाय जमीन सुटत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. १८७९ चा दक्षिणेतल्या शेतकऱ्यांच्या संकटनिवारणाचा कायदा याच आगीतून निघाला. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन हिशेब तपासायचा अधिकार दिला आणि कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. जुन्या अर्थाने पाहिले तर या भागातली खरी ज्युबिली, अपुरी का होईना, ही होती. त्यानंतर आठ वर्षांनी, उन्हाळा टाळण्यासाठी १६ फेब्रुवारी १८८७ रोजी, सरकारी ज्युबिली साजरी झाली. तुरुंगांतून हजारो कैदी सोडले गेले, म्हणजे जुन्या अर्थाची आठवण पुसली नव्हती. मात्र सूट आता पुन्हा राजाच्या मर्जीवर आली होती, आणि शेतकऱ्याच्या वहीपर्यंत ती पोहोचत नव्हती.

दहा वर्षांनी हीरक ज्युबिली आली तेव्हा हे अंतर असह्य झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते, लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने, गावोगाव जाऊन सांगत होते की पीक बुडाले असेल तर साऱ्याची सूट किंवा तहकुबी मागणे हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. सरकारने सूट देण्यापेक्षा सभेचीच मान्यता काढून घेतली. त्याच सुमारास पुण्यात प्लेग शिरला आणि प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या हाताखालच्या गोऱ्या शिपायांनी घरात शिरून तपासण्या केल्या. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीतल्या सरकारी वाड्यात राणीच्या साठ वर्षांचा सोहळा आटोपून पाहुणे परतत असताना चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. टिळकांवर १८९७ मध्येच राजद्रोहाचा खटला होऊन अठरा महिन्यांची शिक्षा झाली. या खुनाकडे पाहण्याच्या दृष्टी वेगवेगळ्या असतील. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे. ज्या लोकांना सारामाफी नाकारली त्यांच्याकडून जल्लोषाची अपेक्षा केली गेली. शिंग वाजवले, सुटका दिली नाही, आणि त्या दोहोंच्या मधल्या पोकळीत गोळीचा आवाज झाला.

आता शेवटचा आक्षेप. शब्दाचा मूळ अर्थ हाच खरा अर्थ, असे कोण म्हणते? भाषा वाहती असते. पंचवीस आठवडे चाललेल्या चित्रपटाला किंवा लग्नाच्या पन्नास वर्षांना ज्युबिली म्हणण्यात काहीच चूक नाही. हे पूर्णपणे मान्य आहे. निष्ठेने केलेल्या संसाराचा, टिकलेल्या शाळेचा, लोकांनी डोक्यावर घेतलेल्या कलाकृतीचा आनंद मानाचाच आहे. इथला मुद्दा मूळ अर्थाच्या अधिकाराचा नाही, कारण जुना अर्थ कधी मेलाच नव्हता. १७८२ चे स्पेन्सचे गीत आणि १८०९ चा राजाचा सोहळा, १८७१ चे फिस्कचे गायक आणि १८८७ ची राणी, हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते, आणि कुठला अर्थ कुणाच्या तोंडी आहे हे त्याच्या स्थितीवरून ठरत होते. विसाव्या शतकाच्या अखेरीसही तेच झाले. गरीब देशांची कर्जे माफ करावीत म्हणून ‘ज्युबिली २०००’ ही चळवळ उभी राहिली. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला श्रीमंत राष्ट्रांची बैठक भरली तेव्हा सुमारे सत्तर हजार लोकांनी शहराभोवती मानवी साखळी केली, आणि पुढच्या वर्षी कोलोनच्या बैठकीत व्यापक कर्जसवलत मान्य करावी लागली. अडीच हजार वर्षांनी लेवीयचा अध्याय वित्तमंत्र्यांच्या मेजावर आला. कर्जमाफीने पतपुरवठा आटतो, ही शंकाही त्या मेजावर होती, आणि ती खरी आहे. हिल्लेलची पळवाट त्याचीच साक्ष देते. पण जुन्या कायदेकर्त्यांना ती ठाऊक होती. म्हणून तर अम्मीसदुकाने व्यापारी भागीदारी वगळली आणि लेवीयने सुटकेची तारीख आधीच जाहीर करून भाव उरलेल्या पिकांवर ठरवला. माफी अचानक आली तर बाजार हादरतो, आधीपासून मोजलेली असली तर बाजार तिच्याशी जुळवून घेतो.

मराठी माणसाला हा अर्थ परका वाटू नये, कारण त्याच्या परंपरेत त्याचे उदाहरण आहे. १६३० च्या भीषण दुष्काळानंतर तुकोबांनी घरच्या सावकारीच्या खतांपैकी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे त्यांची चरित्रपरंपरा सांगते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला. आठवडे मोजून त्याची ज्युबिली झाली, आणि ती त्या चित्रपटाच्या गुणांची योग्य पावती होती. पण ज्या संताचे ते चरित्र, त्याने स्वतःच्या हाताने जी ज्युबिली केली तिला थिएटर लागले नव्हते. दुष्काळात नागवलेल्या ऋणकोंच्या घरी त्या दिवशी जो आनंद झाला असेल तो ऑगस्टीनच्या शब्दावाचूनच्या आरोळीच्या जातीचा होता. समाज म्हणून आपण रौप्य, सुवर्ण, अमृत असे महोत्सव वारंवार करतो, संस्थांचे करतो, राज्याचे करतो, स्वातंत्र्याचे करतो. प्रत्येक महोत्सवाच्या वर्षी एक प्रश्न विचारण्याची रीत पडायला हवी : या निमित्ताने कुणाचे ओझे उतरले, कुणाची जमीन सुटली, कुणाची थकबाकी फिटली? उत्तर देता आले तर त्या सोहळ्याला ज्युबिली म्हणावे. आणि ते उत्तर पुढच्या सोहळ्यापर्यंत न ताटकळता, तारीख ठरवून, कायद्यात लिहून ठेवावे, म्हणजे सुटका कुणाच्या मेहेरबानीवर राहणार नाही.